दाजींनी खाल्लेली मणीमाळ

गेल्या मे महिन्यात आमच्या दाजींनी माझ्या पहिलीच्या वर्गातले अकरा मणी खाल्ले आणि वर ‘अजून वाढा’ म्हणाले.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे, मंगलताईंचे, यजमान. काष्टीला शेती, गोठ्यात चार म्हशी, माणूस खाऊनपिऊन सुखी. मणी खायची वेळ त्यांच्यावर यावी असं काहीच घडलेलं नव्हतं. ती वेळ मी आणली. (हे मी आज कबूल करतेय. त्या दिवशी कबूल करायला मला चांगला अर्धा तास लागला होता.)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. सुट्टी लागली की जो तो म्हणतो, “मजा आहे बुवा तुम्हा शिक्षकांची!” ही मजा अशी असते : सकाळी भाजी निवडताना डोक्यात अक्षरगट, दुपारी कणीक भिजवताना डोक्यात बेरीज, आणि संध्याकाळी आमचे हे ऑफिसातून येऊन विचारतात, “दिवसभर घरी होतीस, मग हॉलमध्ये हा पसारा कसला?” पसारा म्हणजे माझं शैक्षणिक साहित्य! पुठ्ठे, तक्ते, चिकटपट्ट्या, बाटल्यांची झाकणं. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात सोफ्यावर बसायचं तर आधी ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळ्यांना उठवावं लागतं.

त्या सुट्टीत मी शंभर मण्यांची माळ करायची ठरवलं. मुलांनी मणी सरकवत मोजायचं, दहा-दहाचे गट करायचे. बाजारात तयार मिळते, पण प्रशिक्षणात सांगितलं होतं, साहित्य स्वतःच्या हाताने करा. मी आज्ञाधारक. जुन्या प्रश्नपत्रिका भिजवल्या, त्यांचा लगदा केला, मैद्याची खळ घातली, किडे लागू नयेत म्हणून मेथीची पूड घातली आणि पिवळा रंग यावा म्हणून चमचाभर हळद. मग त्याचे शंभर गोळे वळून गच्चीवर वाळत घातले. (भोकं गोळे ओले असतानाच पाडायची असतात, हे मला नंतर कळलं.)

त्याच गच्चीवर, माझ्या प्लास्टिकच्या कागदाला लागून, सासूबाईंचा कागद होता. त्यावर सांडगे.

आमच्या आईंचं माहेर खर्ड्याचं. डाळी भिजवून, भरड वाटून, मेथी-हळद-मिरची घालून बोटाने तोडलेले त्यांचे सांडगे म्हणजे आमच्या घराण्याची इस्टेट आहे. आधी तेलात परतायचे, मग काळ्या मसाल्याच्या रश्श्यात शिजवायचे. मंगलताई दरवर्षी मे महिन्यात माहेरी येतात त्या आईला भेटायला, असं आपण म्हणायचं. खरं तर एक रस्सा खायला आणि एक डबा न्यायला. आईही वर्षभर त्या एका दिवसासाठी जगल्यासारख्या वागतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्या कागदाला हातसुद्धा लावू दिलेला नाही.

दोन दिवस कडक ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक वारं सुटलं, धूळ उठली, गच्चीवरची जुनी साडी फडफडायला लागली. मी हॉलमध्ये जमिनीवर पालथी पडून तक्त्यावर हत्ती चिकटवत होते. आई गच्चीवरून ओरडल्या, “सुनीता, अगं अलीकडचं भरू का पलीकडचं?”

“भरा, भरा, तेच!” मी खालून ओरडले. (अलीकडचं म्हणजे कुठलं, हे मला आजही सांगता येणार नाही.)

थोड्या वेळाने त्या धापा टाकत खाली आल्या. डबा माझ्या तोंडासमोर धरला. “बघ बरं, नीट वाळल्यात का? मला काय समजंना.”

हत्तीची सोंड वाकडी बसत होती. मी मान वर न करता म्हणाले, “हो आई, मस्त वाळलेत.”

“बघितलं का नीट?”

“बघितलं हो!”

झालं. सांडग्यांच्या डब्याला झाकण लागलं, तो कपाटात गेला. गच्चीवर उरलेला माल मी अंधार पडता पडता गोळा केला आणि शाळेच्या खोक्यात ओतला. माझेच मणी आहेत म्हटल्यावर काय बघायचंय त्यात!

चार दिवसांनी मंगलताई आणि दाजी आले. आई पहाटेपासून स्वयंपाकघरात. मी कांदे चिरून दिले आणि पुन्हा हॉलमध्ये पळाले. आतून आईंचा आवाज आला, “यंदा डाळच जुनी निघाली वाटतं, सांडगं फुलंनात.” मी म्हटलं, “रश्श्यात फुलतील, आई.” या एका बाबतीत मी खरी ठरले. रश्श्यात ते भलतेच फुलले.

पानं वाढली. आई बाजूच्या स्टुलावर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. जावयाने सासुरवाडीत जेवताना नावं ठेवायची नाहीत, ही आमच्याकडची रीत, आणि दाजी रीतीला पक्के. त्यांनी पहिला सांडगा तोंडात टाकला. चावला. पुन्हा चावला. डोळे किंचित मोठे झाले. चावणं चालूच राहिलं.

“कसं झालंय, दाजी?” आईंनी विचारलं.

दाजी घोटभर पाणी प्यायले. “लई भारी, मामी. दमदार हाय.”

“अजून वाढू का?”

आणि त्या भल्या माणसाने, देवाशप्पथ, ताट पुढे केलं. “वाढा की!”

एकदा जावई ‘दमदार’ म्हणाला म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद! आमचे हे खाली मान घालून रवंथ करत होते. मंगलताई म्हणाल्या, “आई, यंदा काही वेगळं घातलंयस का गं?” “न्हाई बाई, दरवर्षीचंच.” मी स्वतः एक तोंडात घातला. मेथी लागली, हळद लागली, मसाला लागला. मला वाटलं, जरा चिवट आहे खरा, पण म्हाताऱ्या माणसाला कोण बोलणार! मी गिळला. माझ्याच हाताने केलेला मणी मी गिळला आणि तरीही मला ओळखू आला नाही!

माझी लेक सई नववीत आहे आणि ती कुठलीच रीत पाळत नाही. तिने तोंडात बोट घातलं, एक चिटोरं बाहेर काढलं, बोटावर नीट पसरलं आणि मोठ्याने वाचलं, “रिकाम्या जागा भरा.”

दाजींचा घास अर्ध्यावर थांबला.

“आई, हा तुझा पेपर आहे!” सई माझ्याकडे बघून किंचाळली. आणि मग जो हशा उसळला! हे पोट धरून हसत होते, मंगलताईंना ठसका लागला, सई म्हणाली, “आत्या, दाजींनी अख्खी पहिली पास केली!” मीसुद्धा हसत होते. आणि हसता हसता, मला सांगायला लाज वाटते, पण मी म्हणाले, “अहो आई, माझे मणी भरलेत तुम्ही! दिसलं नाही का तुम्हाला?”

आई हसत नव्हत्या. त्यांनी सईच्या ताटातून एक मणी उचलला, खिडकीशी गेल्या आणि तो डोळ्यांच्या अगदी जवळ, नाकाला टेकेल इतका जवळ धरला. मग म्हणाल्या, “न्हाई गं. न्हाई दिसलं.”

हसू जिथल्या तिथे विरलं.

“दिवाळीपासून धुकं पडल्यावानी दिसतंय,” त्या खिडकीकडे तोंड करूनच बोलल्या. “आधी एका डोळ्याला हुतं. आता दोन्हीला.”

“आणि तू सांगितलं नाहीस?” हे उठून उभे राहिले. “सहा महिने तू गॅसपुढे अशी उभी राहतेस? आई, बास झालं. उद्यापासून तू स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही.”

“म्हणूनच न्हाई सांगितलं,” आई म्हणाल्या. “मला ठावं हुतं, तुमी हेच म्हननार. ‘आई, बसा आता.’ बसून मी काय करू रे? कोन येनार माज्याकडं मग डबा न्यायला?”

मंगलताईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि मी तिथे हातात वरणाचा डाव घेऊन उभी. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मी एकेका मुलाला भिंतीपाशी उभं करते, फळ्यावरचं वाचून घेते. कोण डोळे बारीक करतंय, कोण शेजारच्याच्या वहीत बघून उतरवतंय, हे मला लांबून कळतं. तशा मुलाला पहिल्या बाकावर बसवून त्याच्या आईवडिलांना निरोप धाडते. या कामात माझं नाव आहे! आणि घरात सहा महिने एक बाई सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारत होती, तांदूळ डोळ्यांऐवजी बोटांनी निवडत होती, “या घरात उजेडच न्हाई” म्हणून दिवसाढवळ्या दिवे लावत होती. आणि मी तिच्यामागून फिरून दिवे बंद करत होते.

मला फार वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं. तरी तोंड उघडायला वेळ लागलाच. सगळे आईंची समजूत घालायला लागले, ताटं उचलली गेली, आणि मगच मी म्हणाले, “त्यांची चूक नाहीये. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. डबा समोर धरला होता. मी न बघताच ‘बघितलं’ म्हणाले.”

“न बघता?” हे म्हणाले.

“हत्ती चिकटवत होते.”

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हत्तीच्या पोटात शिरावंसं वाटलं. पण आई वळल्या, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा मोकळा दिसला. “मंजी तू बघितलंच नव्हतं?”

“नाही, आई.”

“मग दोघींचं बी सारखंच की गं,” त्या म्हणाल्या.

निकाल लावला तो दाजींनी. हात धुऊन, मिशा पुसून ते ह्यांना म्हणाले, “हे बघा, डोळ्याचं आपरेशन आजकाल सोपं झालंय. करून घ्या. पन मामींची चूल बंद करायची न्हाई. पुढच्या वर्षी बी सांडगं त्यांच्याच हातचं. आन् समजा पुन्यांदा कागद निघाला, तर मी कागद खाईन!” (अकरा खाल्लेल्या माणसाला हे बोलायचा अधिकार होताच.) मग शाळेच्या खोक्यातले खरे सांडगे निघाले आणि त्यांचा डबा भरून काष्टीला गेला. दाजींनी डबा उघडून, एक सांडगा उन्हात धरून बघितला, मगच तो पिशवीत ठेवला.

दोन आठवड्यांत एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुरापासून आणि गॅसपासून काही दिवस लांब राहायला सांगितलं. तेवढे दिवस स्वयंपाक माझ्याकडे. काळा चष्मा लावून आई दारात स्टूल टाकून बसायच्या आणि नुसत्या वासावर कारभार हाकायच्या. “कांदा करपतोय.” “जिरं राहिलं.” “ती पोळी कच्ची हाय.” मी सगळं ऐकत होते, आणि खरं सांगते, त्या दिवसांत मला त्यांच्या बोलण्याचा एकदाही राग आला नाही. विचारलं की मी आता मान वर करून बघत होते. काही दाखवलं की हातात घेऊन बघत होते.

अर्थात माझी माळ राहिलीच होती. सुट्टी संपायला आठवडा उरला तेव्हा मी पुन्हा प्रश्नपत्रिका भिजवल्या आणि नवे शंभर मणी वळले. या वेळी मेथी नाही, हळद नाही, चांगला लाल रंग. भोकंसुद्धा मणी ओले असतानाच पाडली! गच्चीत एकटा माझाच कागद, म्हणजे घोटाळ्याला जागाच नको. त्याच दिवशी डॉक्टरांनी आईंचा काळा चष्मा काढायला परवानगी दिली होती. त्या हळूहळू जिना चढून गच्चीवर आल्या. समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली, टाकीवरच्या कबुतरांना नावं ठेवली, माझ्याकडे बघून “किती वाळलीस गं” म्हणाल्या. (एवढ्यावरच मी त्यांचे पाय धरणार होते.) मग कागदापाशी खाली बसल्या. एक मणी उचलला. हाताचं अंतर ठेवून, खणखणीत उजेडात, फिरवून फिरवून पाहिला.

“सुनीता, ह्ये काय हाय?”

“मणी, आई. माळेचे.”

त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. एक चपटा, एक लांबुडका, एकाला शेपूट. तिन्ही तळहातावर ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

“व्हय का? मला तर आजून बी सांडगंच दिसत्यात. मग पोरी, माजा डोळा उगंच कापला म्हनायचा!”