अण्णांच्या घरची लाईट

आमच्या टोळक्याचे किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. सरकारी ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसून दुसरं काय साठणार! पाय दुखतात, डबा गार होतो, साहेब मीटिंगला गेलेले असतात. घरी जाताना काम झालेलं नसतं, किस्सा मात्र मिळालेला असतो.

टोळकं तसं छोटंच. मी वारूळवाडीचा, पोलिओनं एक पाय गेलेला. विमलताईचा हात कडबाकुट्टीत गेला. तळेघरच्या वरच्या वाडीतले भागाअण्णा जन्माचे आंधळे, आणि त्यांची बायको चंद्राकाकी लग्नानंतर तापात ठार बहिरी झालेली. आमच्यात नावानं हाक मारत नाहीत. अपंगत्वाच्या दाखल्यावर जेवढे टक्के, तेच नाव. नारायणगावच्या स्टँडवर विमलताई लांबूनच ओरडते, "ओ साठ टक्के, जीप सुटली!" लोकांना वाटतं माझा दहावीचा निकाल लागला.

*

विमलताईच्या पहिल्या दाखल्यावर लिहून आलं, "तात्पुरते अपंगत्व. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी." ताईनं विचारलं, "डॉक्टर, तवर हात उगवंल का वो?"

"नियम आहे," डॉक्टर म्हणाले.

मुदत संपली, पेन्शन थांबली. परत गेलो. आता डॉक्टर नवे. त्यांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं. ताई म्हणाली, "नाय उगवलं. खतपाणी कमी पडलं असंल!"

*

पेन्शन चालू ठेवायची तर आपण जिवंत आहोत हे मशीनला पटवावं लागतं. भातलावणी करून करून अण्णांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. मशीन काही घेईना.

"डोळे स्कॅन करू," ऑपरेटर म्हणाला. "बाबा, इकडं बघा."

"कुठं?"

"समोर हो!"

"समोर म्हंजी कुणीकडं?"

ऑपरेटर वैतागला. "दिसत नाही का तुम्हाला?"

अण्णा म्हणाले, "मघाशी दाखला दिला की राव!"

*

अण्णांना घरकुल मंजूर झालं. पुढचा हप्ता सुटायला घरमालकाचा घरासोबत फोटो लागतो. इंजिनियर डोंगर चढून आला, अण्णांना भिंतीपुढं उभं केलं, फोटो काढून गेला. महिन्यानं फोटो नामंजूर! अण्णांची नुसती पाठ आलेली.

"अण्णा, कॅमेऱ्याकडं पाठ का केली?"

"घराचा फोटो काढायचा म्हणला. म्हणून मी घराकडं तोंड केलं."

इंजिनियरही घाईत. त्याला पाठ आणि तोंड सारखंच.

*

घर झालं, मीटर बसला, आणि खरी दुखणी सुरू झाली. रीडिंग घेणारा यायचा, बाहेरून "काकी, ओ काकी" म्हणून हाका मारायचा. घरात काकी एकटी, तिला ऐकू येत नाही. अण्णा शेळ्यांच्या घुंगरांमागं रानात गेलेले. तो "दार बंद" लिहून जायचा, मग अंदाजानं बिल यायचं. असं बिलावर बिल चढत गेलं. ते भरायचं म्हणजे दोघांची पेन्शन खलास, खायचं काय? शेवटी लाईट कापली.

मी वीज कार्यालयात सांगितलं, "साहेब, काकींना ऐकू येत नाही."

तिथला माणूस म्हणाला, "मग फोन करून कळवायचं ना त्यांनी!"

खरंच सांगतो, त्या दिवशी मला रडू आलं.

*

मदतीसाठी आम्ही पंचायतीत गेलो. अपंगांसाठी राखून ठेवलेला निधी असतो, त्यातून बिलाला हातभार लावा म्हटलं. ग्रामसेवक म्हणाले, "निधी तुमच्यासाठीच खर्च केलाय. बाहेर रॅम्प बघितला नाही का?"

बघितला होता. माझी तीनचाकी गाडी वर चढवली, तर पुढं दोन पायऱ्या!

विमलताई अण्णांना म्हणाली, "शंभर टक्के, तुमी नशीबवान. तुमाला ह्यो बघावा लागत न्हाई."

*

शेवटी बिल दुरुस्त व्हावं म्हणून आम्ही चौघं वीज कार्यालयातल्या मोठ्या साहेबांसमोर उभे राहिलो. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्यानं कागद चाळले आणि सहज विचारलं, "बाबा, तुम्हाला दिसत नाही. मग लाईटसाठी एवढी धावपळ कशाला?"

अण्णांनी काकीकडं तोंड फिरवलं आणि सावकाश ओठ हलवत सांगितलं, "साहेब इचारतोय, लाईट कशाला पायजे." काकी त्यांच्या ओठांकडं टक लावून बघत होती. बघून झालं तशी ती पदर तोंडाला लावून हसली.

अण्णा म्हणाले, "साहेब, लाईट कापल्यापास्नं दिवस मावळला की ही एकटीच भांडती. मी काय उत्तर देतो ते हिला दिसत न्हाई. रोज हीच जिंकती!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी बिल दुरुस्त करून हप्ते पाडून दिले आणि त्याच आठवड्यात वायरमन पाठवला.

दिवेलागणीला वायरमन पोलवर चढला. अण्णा-काकी घरात, मी आणि विमलताई अंगणात. बल्ब पेटला. मग आतून अण्णांचा आवाज चढला, त्यावर काकीचा, त्यावर पुन्हा अण्णांचा! एक पातेलं घरंगळत उंबऱ्यापर्यंत आलं.

पोलवरून वायरमन घाबरून ओरडला, "ओ पावणं, काय झालं? बंद करू का परत?"

आम्ही दोघं एकदम ओरडलो, "राहू दे! चालू राहू दे!"