वरवंटा देणार नाही

टेम्पो मळ्याच्या तोंडाशी उभा होता आणि थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या ताई, अंगणात दोन ढीग लावत होत्या. एक ठेवायचा, एक भंगाराचा. जुनं घर पाडून बंगला बांधायचा होता, आणि आम्ही दोघं ह्यांच्या चाकणच्या नोकरीसाठी नाशिक सोडत होतो. पाटा-वरवंटा भंगारात पडला. "लय जड हाय ते. मिक्सर हाय की आता," त्या म्हणाल्या. पाटा मला उचलवेना. वरवंटा तेवढा सगळ्यांदेखत मांडीवर घेतला आणि टेम्पोत बसले.

ताई, तुम्हाला वाटलं, सुनंदाला दगडाची हौस. हौस कसली डोंबलाची! तुमच्या बंटीच्या बारशाला हाच वरवंटा झबलं घालून पाळण्याखालून द्यायचा होता. मी घ्यायला हात पुढे केला, तर भरल्या घरात तुम्ही तो बाजूला सारलात. "तू नको गं. तुझी दोन्ही पोटातच गेली." ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

इथे चौथ्या मजल्यावर वन बीएचके. पहिल्या वर्षी लिफ्टची भीती वाटायची. सकाळी मळ्यातल्या गुलछडीचा वास नाही, कंपनीच्या बसचे हॉर्न. खूप रडले, खोटं कशाला बोलू? पण सोसायटीतल्या एकीनंही मला हळदीकुंकवातून वगळलं नाही. मिक्सर माझ्याकडेही आहे. ठेचा मात्र बाजारातून आणलेल्या पाट्यावर, ह्याच वरवंट्यानं रगडते, तुमचं नाव घेऊन.

परवा तुमचा फोन आला. बंटीला मुलगी झाली, रविवारी बारसं, आणि सासूबाई अडून बसल्यात की वरवंटा घरचाच पाहिजे, विकतचा चालायचा नाही. काय गार वाटलं म्हणून सांगू! "तो तर तुम्ही भंगारात टाकला होता ना, ताई?" मी विचारलं.

तुम्ही नरमलात. "घेऊन ये गं. तूच दे पाळण्याखालून, सगळ्यांसमोर."

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं मला. ऐकलं, आणि नाही म्हटलं. तुम्हाला दगड हवाय, मी नाही, एवढं कळतं मला. झबलं-टोपडं कुरिअरनं येईल, पोरीचा काय दोष? वरवंटा येणार नाही.

"असं नको करू, सुनंदा. घरी ये."

"ताई, मी घरीच आहे."