न्हाणीची कडी

मी घाटावरची. कोल्हापूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात वाढले. लग्न होऊन मालवणजवळच्या या वाडीत आले तेव्हा माझ्या माहितीतला कोळी म्हणजे माळ्यावरच्या जाळ्यात बसलेला, हरभऱ्याएवढा. त्यामुळे सासरच्या न्हाणीत पहिल्याच सकाळी भिंतीवर जे दिसलं, त्यालाही कोळीच म्हणतात हे मला कळलं नाही. तळहाताएवढं, चपटं, तपकिरी, पाणी तापवायच्या हंड्याच्या वर आठ तंगड्या पसरून बसलेलं. जाळं नाही, काही नाही. माझ्या हातून तांब्या पडला, तसं ते भिंतीवरून आडवं पळालं आणि खुंटीवरच्या माझ्या कोऱ्या साडीमागे गेलं. मी तोंडावर पाणी मारलं, केस ओले केले आणि आंघोळ झाली म्हणून बाहेर आले. साडी मात्र लांबूनच काठीने ओढून घेतली होती.

सांगणार कुणाला? ही सगळी दर्यावर पोट असलेली माणसं. नवरा खवळलेल्या पाण्यात होडी घालणारा, सासू डोक्यावर माशांची टोपली घेऊन गावोगाव फिरलेली. त्यांच्या लेखी तो कोळी म्हणजे भिंतीवरची आणखी एक खुंटी. उलट झुरळं खातो म्हणून त्याला कुणी हात लावत नसे. आणि घाटावरची सून म्हणून मला आधीच थोडं का ऐकावं लागत होतं! हिला बांगडा साफ करता येत नाही, नारळ खवताना बोटं खवते, सोलकढीला गुलाबी ताक म्हणते. त्यात ही कोळ्याला भिते हे कळलं असतं, तर वाडीला पुढच्या शिमग्यापर्यंत पुरलं असतं.

म्हणून मी माझ्यापुरती एक युक्ती काढली. न्हाणीत शिरण्याआधी बाहेरून कडी तीनदा जोरात वाजवायची, खाकरायचं, मनात दहा आकडे मोजायचे आणि मग दार उघडायचं. तेवढ्या वेळात तो हंड्यामागे जाई. नेहमी जाई असं नाही. पण निदान आपण काहीतरी केलं एवढा तरी धीर वाटे.

पंधराएक दिवसांनी सासूने पकडलं.

"कडी कित्याक वाजवतंस गो? भितर कोण आसा?"

माझ्या तोंडून जे निघालं ते आठवलं की अजून कान गरम होतात. म्हटलं, "आमच्याकडे रीत आहे अशी. आत जो कोणी असेल त्याला बाजूला व्हायला वेळ द्यायचा."

आता तसं पाहिलं तर यात खोटं एवढंच, की ती रीत आमच्याकडची नव्हती, कुणाकडचीच नव्हती. पण इथे सासरच्या परसात माडाच्या बुंध्याशी राखणदाराची जागा आहे. घर राखणारा. तो दिसत नाही, पण असतो. वर्षातून एकदा नारळ घेतो, आणि त्याची येण्याजाण्याची एक वाट असते, तिच्यात माणसाने आडवं येऊ नये. ती वाट न्हाणीवरूनच जाते अशी सासूची पक्की समजूत होती. माझं बोलणं ऐकून लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला.

"बरां केलंस. राखणदाराक मान दिलोच व्हयो. घाटार पण रीत आसा म्हणजे!"

त्या दिवसापासून सासू कडी वाजवू लागली. मग नवरा. समुद्रावरून आला की खाऱ्या पाण्याने चिकट झालेल्या अंगाने आधी कडी, मग खाकरणं, मग आंघोळ. शेजारच्या दोघी-तिघी बायकांनीही आपापल्या घरी सुरू केलं. माझा मुलगा नीट बोलायला लागण्याआधी कडी वाजवायला शिकला. आणि सासू जाईपर्यंत, कुणीही आलं की सांगायची, घाटावरची असली तरी आमच्या सुनेला देवाधर्माची जाण आहे. तिने माझं तेवढं एकच कौतुक केलं. ते मी कसं परत करणार? मी गप्प राहिले. चौतीस वर्षं गप्प राहिले. मी वाडीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. प्रत्येकीचं माप मला पाठ आहे आणि निम्म्यांची गुपितं. माझं मात्र एकीलाही माहीत नाही, की ही बाई पोरवयात लग्न होऊन आली तशीच अजून रोज सकाळी न्हाणीच्या दाराशी भिऊन उभी असते.

मुलगा स्कॉटलंडमध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. तिथेच त्याने तिथल्या मुलीशी लग्न केलं. चार वर्षं नुसत्या फोनवर भेटी. गेल्या ऑक्टोबरात दोघं पहिल्यांदा घरी आली, बारा दिवसांसाठी. सूनबाईला आपलं घर आवडावं एवढंच माझ्या डोक्यात होतं, कारण हिला आवडलं तर दोघं पुन्हा येतील, नाही आवडलं तर मुलगा हळूहळू फोनातच राहील. असं झालेली दोन घरं आमच्या वाडीत आहेत. मी पडवी सारवून घेतली, नव्या चादरी आणल्या, हंडा चिंचेने घासून लखलखीत केला. हंड्यामागे नजर मात्र टाकली नाही.

मुलाने विमानातच तिला घरचे नियम शिकवले होते. चपला बाहेर, जेवताना डावा हात नाही, वडीलधाऱ्यांना नमस्कार, आणि न्हाणीत शिरण्याआधी राखणदाराला मान म्हणून कडी. पहिल्या दिवशी ती मागच्या दारी गेली, न्हाणीसमोर उभी राहिली, आधी हात जोडले आणि मग तीनदा कडी वाजवली. नवऱ्याचे डोळे भरून आले. मासे घेऊन आलेली शेजारीण म्हणाली, "परदेशातली म्हणून कोण म्हणतला? सून बरी गावली गो तुका." मी फुलून गेले. खोट्याचं फळ एवढं गोड असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काहीतरी बिनसलं. ती बोलायची, हसायची, मोडक्यातोडक्या मालवणीत "बरां आसा" म्हणायची, पण पाणी प्यायची नाही. ऑक्टोबरातला उकाडा, बसल्या जागी घाम गळतोय, आणि ही तांब्याला हात लावत नाही. सोलकढी नको, चहा नको, शहाळं फोडून दिलं तर दोन घोट घेऊन माझ्या मुलाच्या हातात. आणि सकाळ-संध्याकाळ दोघं मोटारसायकलवरून मालवणला. तिथल्या हॉटेलात चहा प्यायला म्हणे. एकदा दुपारी आली ती केस ओले करून, साबणाचा वास येत होता अंगाला. म्हणजे आंघोळसुद्धा बाहेर! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं हिला आमची विहीर नको, आमची भांडी नकोत. घर आवडलं नाही, आणि ते सांगण्याऐवजी ही हसतेय.

पाचव्या दिवशी जेवताना तिने सोलकढीची वाटी बाजूला सारली, तेव्हा माझा तोल गेला. मी मुलाला म्हटलं, तिच्या समोरच, "आमच्या घरचं पाणी गोड लागत नाही वाटतं. जा, ने तिला मालवणात, बाटलीतलं पाज."

तिला वाक्य कळलं नसेल, पण "पाणी" कळलं आणि माझा सूर कळला. तिने समोरचा पेला उचलला, माझ्याकडे बघत एका दमात रिकामा केला आणि खाली ठेवला. मग दुसरा भरून घेतला, तोही प्यायली. मला जिंकल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

ती संध्याकाळ तिने कशी काढली ते तिलाच ठाऊक. आमचा संडास आणि न्हाणी एकाच दाराआड, मागल्या पडवीला लागून. ती तीनदा त्या दारापर्यंत जाऊन आलेली मी माझ्या मशीनवरून पाहिली. कडी वाजवायची, दार जरासं ढकलून आत बघायची आणि परत यायची. मी टीप मारत राहिले. पुढच्या दिवशी तिने पाण्याचं नावच काढलं नाही, आणि टळटळीत दुपारी मागच्या पायरीवर चक्कर येऊन बसली. ओठ पांढरे, हात गार. नवरा धावत जाऊन रिक्षा घेऊन आला.

मालवणच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला विचारलं, "या पाणी का पीत नाहीत?" मी मुलाकडे पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती. मुलालाही ठाऊक नव्हतं, कारण तिने त्यालाही फक्त मालवणच्या हॉटेलातली न्हाणी जास्त सोयीची वाटते एवढंच सांगितलं होतं.

घरी आणल्यावर तिला पडवीत बाकावर बसवलं. नवरा खाली पायरीवर, मुलगा तिच्या शेजारी. तिथे ती हळू आवाजात त्याला काहीतरी सांगू लागली. मुलगा ऐकता ऐकता गोंधळला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "आई, ती म्हणता, तुमचो राखणदार माका रोज दिसता."

नवरा उठूनच उभा राहिला. जन्मात कुणाला न दिसलेला राखणदार चार दिवसांच्या पाहुणीला दिसावा! "दिसता? खंय दिसता?"

"न्हाणीत. हंड्याच्या वर."

"कसो आसा?"

मुलाने तिला विचारलं. तिने हाताचा पंजा पसरून दाखवला. मुलगा म्हणाला, "आठ पाय आसत म्हणता."

"राखणदाराक आठ पाय?" नवऱ्याने हे असं विचारलं की एरवी मी पोट धरून हसले असते. पण मला सगळं कळलं होतं. दारावर कडी वाजवून, हात जोडून, ज्याला मान द्यायचा म्हणून शिकवलं, तो आत गेल्यावर तिच्यासमोर आठ पाय पसरून बसलेला. तिने त्यालाच देव मानलं होतं. आणि आमच्या घरच्या देवाला इथून हलवा असं कोणत्या तोंडाने सांगणार, म्हणून त्या दाराआड जायची वेळच येऊ नये यासाठी ती घरातलं पाणीच प्यायची नाही.

मुलगा मोठ्याने हसला आणि तिला सांगू लागला, अगं, तो साधा कोळी, काही करत नाही, आमच्याकडे घरोघरी असतात, कुणी घाबरत नाही. ती हसली नाही. तिचा चेहरा आणखीच उतरला. मान खाली घालून ती काहीतरी म्हणाली आणि रडू लागली. मुलाचं हसणं थांबलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणता, तुम्ही सगळी इतकी धीट माणसां. मीच एकटी भित्री. माका माफ करा."

तिथे मी गप्प राहिले असते तरी चालण्यासारखं होतं. कोळी तो कोळी, राखणदार तो राखणदार, एवढ्यावर भागलं असतं. सासूने दिलेलं कौतुकही जागच्या जागी राहिलं असतं. पण ते शब्द माझे होते. मीच एकटी भित्री. वीस वर्षांची असताना, ओले केस पुसत त्याच पडवीत बसून, मी ते मनात किती वेळा म्हटलं होतं! तेव्हा समोरच्या कुणी एका शब्दाने सांगितलं असतं, मलाही वाटते गं भीती, तर मी त्या माणसाचे पाय धुऊन पाणी प्याले असते.

मी म्हटलं, "सांग तिला, मी पण भिते." मुलगा माझ्याकडे नुसता बघत राहिला. "सांग की! पहिल्या दिवसापासून भिते. आजही भिते. तुमचा राखणदार बिखणदार काही नाही, कडी मी त्या कोळ्यासाठी वाजवते. तुझ्या आजीने पकडलं तेव्हा खोटं बोलले. घाटावर असली कसली रीत नाही."

मुलगा भाषांतर करायचं विसरला होता. नवरा पायरीवर परत बसला आणि म्हणाला, "म्हणजे इतकी वर्सां मी फुकट कडी वाजवत रवलंय?"

"हो," मी म्हटलं.

"आणि माका सांगूक नाय तुया?"

तो रागावला नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त लागलं.

मुलाने तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने रडणं थांबवलं. दोन्ही हातांची बोटं तीनदा उघडून दाखवली, मग आणखी चार, आणि माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं? मी मान हलवली. ती बाकावरून उठली, माझ्यापुढे खाली बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मला तिच्या भाषेत बोलता येत नाही. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

नवऱ्याने केरसुणी उचलली होती, आत्ता त्याचा निकाल लावतो म्हणून. तिने मान हलवून नको म्हटलं. मारायचं नाही. त्यावर नवरा म्हणाला, "मगे काय करूचा?"

तिला आंघोळ करायची होती. दवाखान्याचा वास अंगाला लागला होता. मी उठले, तिचा हात धरला आणि आम्ही दोघी मागच्या दारी गेलो. कडी वाजवली नाही. दार ढकललं. तो होता, हंड्याच्या वरच, जागचा न हललेला. तिने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली, आणि मी तिचा किती दाबला ते ती कधी बोलली नाही. मी दार आतून लावून घेतलं. ती कोपऱ्यात न्हायला बसली आणि मी तिच्याकडे पाठ करून, पदर कमरेला खोचून, त्याच्यावर डोळे रोखून उभी राहिले. पाठीमागे पाणी पडत होतं, मध्येच ती माझ्या पोटरीला ओल्या बोटांनी हात लावून मी आहे ना ते बघत होती.

मी तिच्यासाठी पहारा दिला असं मुलगा आता सगळ्यांना सांगतो. मी त्याला खोडत नाही. पण खरं असं, की चौतीस वर्षांत त्या न्हाणीत मी पहिल्यांदाच एकटी नव्हते.