लॅपटॉपवरचा भंडारा

अनसाबाईने उभ्या जन्मात दोघांनाच नावं ठेवली नाहीत. एक बिरोबा आणि दुसरा तिचा मुलगा बिरदेव. बाकी नवरा, जावा, ग्रामपंचायत, एसटी, सगळ्यांचा उद्धार तिने कधी ना कधी केलेला. लग्नानंतरची वीस वर्षं ती नवऱ्याच्या, तात्याबाच्या मागे मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत चालली. पुढे मेंढरं विकून त्यांनी कवठे येमाईला तीन एकर घेतली, घर बांधलं, आणि बिरदेव शिकला. चालून चालून तिच्या टाचा फुटल्या होत्या. पण पोरगा खुर्चीत बसून काम करतो हे सांगायला लागली की त्या टाचा ती विसरायची.

२००८ साली बिरदेव रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, पण अजून कच्चा. पर्मनंटचं पत्र दिवाळीच्या आत निघणार होतं. त्याच्या तीन महिने आधी कंपनीने त्याला लॅपटॉप दिला. लेकाची भाकरी आता ह्यातून येणार, हे अनसाबाईने पाहता क्षणी ओळखलं. ज्यातून भाकरी येते त्याला हात जोडायचे, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मेंढरांवर बिरोबाचा भंडारा उधळायचा, लोकर कातरायच्या कात्रीवर उधळायचा, तसा लॅपटॉपवरही. बिरदेव अंघोळीला गेला की ती घोंगडीची घडी अंथरून त्यावर लॅपटॉप बसवायची, झाकण उघडायची आणि ती देवाची हळद चिमूटभर वाहायची. लेक चिडायला नको म्हणून वरवरचं पदराने पुसून घ्यायची. आत गेलेलं देवाचं.

महिनाभरात लॅपटॉप घोंघावायला लागला. आतला पंखा थांबायचं नाव घेईना, आणि झाकण मिटलं तरी यंत्र झोपेना. बॅगेत घालून बिरदेव कारखान्यात पोचेपर्यंत बॅटरी संपलेली आणि बॅग तव्यासारखी तापलेली. त्याने सेटिंग बदलून पाहिल्या, व्हायरस शोधला, विंडोज नव्याने भरलं. ऑफिसातल्या एका शहाण्याने खाली पंख्याचा स्टँड ठेवायला सांगितला. मग एकाच्या जागी दोन पंखे बोंबलू लागले.

अनसाबाईने आवाजावरूनच निदान केलं.

"धापा टाकतंय ते. कुणाची तरी नजर लागली असंल."

आणि तिने चिमटीची मूठ केली. आवाज वाढला. तिने संध्याकाळीही एक मूठ चालू केली. औषध लागू पडत नसेल तर मात्रा कमी पडते, एवढंच तिचं वैद्यक.

शेवटी साहेबाने बिरदेवला केबिनमध्ये बोलावलं. नवा लॅपटॉप इतक्यात कसा खलास झाला, असं विचारून त्याने बजावलं, "बाहेर दाखव आणि बिघाडाचं कारण दुरुस्तीवाल्याच्या सहीने लिहून आण. तुझा निष्काळजीपणा निघाला, तर पर्मनंटचं पुढच्या वर्षी बघू." हे बिरदेवने घरी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बिरदेव शिरूरला निघाला, तर ही त्याच्या आधी एसटीत जाऊन बसलेली.

शिरूरच्या स्टँडमागे ज्योतिबाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. हा गडी आधी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, आणि कान त्याचा अजून मोटारीवाल्याचाच. लॅपटॉपला कान लावून तो म्हणाला, "पंख्याला काय झालं न्हाई. श्वास कोंडलाय." त्याने कागद पसरला, स्क्रू काढले आणि लॅपटॉप हलकेच झटकला. कागदावर पिवळीधमक पूड पडली. मग पंख्याच्या तोंडातून त्याने चिमट्याने एक पिवळा बोळा ओढून काढला.

"आजवर झुरळं निघाली, एकदा पालबी निघाली. ह्ये पयल्यांदाच बघतोय," ज्योतिबा म्हणाला. मग त्याने झाकणाजवळचं एक बारीक बटण दाखवलं. "झाकण मिटलं की ह्ये दबतं, तवा यंत्राला झोपायचं कळतं. ह्याच्या खाली पूड दाटलीय. दबायचं कसं?"

अनसाबाईने तो बोळा बोटांत चुरून पाहिला. लोकर ओळखायला तिला डोळे लागत नव्हते.

"ही आपल्या घोंगडीची लोकर," ती म्हणाली. "आन् भंडारा म्या वाहिलाय."

बिरदेव तिच्याकडे वळला. "कवापस्नं?"

"आलं तवापस्नं. त्याचा आवाज वाढत गेला तशी म्याबी वाढवत गेले."

ज्योतिबा भिंतीकडे तोंड करून हसला. बिरदेवला राग आला होता, पण हसू आधी फुटलं.

तासाभरात लॅपटॉप साफ झाला. चालू केला तर पंख्याची नुसती कुजबुज, आणि झाकण मिटताच चिडीचूप. आता साहेबाला द्यायचा कागद राहिला. ज्योतिबाने पेन काढलं. "भंडारा लिहिला तर साहेब निष्काळजीपणाच म्हणणार. कारखान्यातली धूळ लिहितो. सगळ्यांच्याच लॅपटॉपात असती."

बिरदेवने पेनावर हात ठेवला. लहानपणी भंडाऱ्याचा कण भुईवर सांडला, तर आई त्याला तो बोटाने टिपून कपाळाला लावायला लावायची. त्याच आईसमोर भंडाऱ्याला धूळ म्हणायचं त्याच्याने होईना.

"धूळ नका लिवू," तो म्हणाला. "खरं हाय ते लिवा. पर्मनंटचं बघू पुढच्या वर्षी."

कागदावरची सगळी पूड अनसाबाईने हळूहळू पदरात घेतली, कोपऱ्यातली बोटाने टिपून कपाळाला लावली आणि पदराला गाठ मारली. मग ज्योतिबाकडे वळली.

"धूळच लिवा. बिरोबाची समजूत म्या घालीन, त्यो माझ्या वळखीचा हाय. साह्यब काय माझ्या वळखीचा न्हाई."