अंदाज हाताचा, चव तिची

ती आज शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात मुख्य शेफ आहे. टोपी घालून उभी असते, आणि टोपी तिला शोभते. मी खानावळ चालवणारी बाई, मला टोप्यांचं कौतुक नाही. तिचं मात्र आहे, आणि ते मी लपवत नाही.

फुलंब्रीहून एसटीनं ती माझ्याकडं पोळ्या लाटायला यायची. वाळूजच्या कामगारांचे डबे भरता भरता तिला फोडणीचं वेड लागलं. माझ्या नाकावर राग, तिच्या तोंडाला कुलूप नाही. तरी आमचं जमलं. जे येत होतं ते सगळं मी तिला शिकवलं. माझ्या स्वयंपाकघरात एक नियम होता. देवापुढं ताट ठेवल्याशिवाय कुणी चव घ्यायची नाही. मीठ हातानं टाकायचं आणि बरोबर पडलं का ते उकळीच्या वासावरून ओळखायचं. तिला ते माझ्यापेक्षा लवकर साधलं.

मग त्या हॉटेलला मराठवाडी जेवण करणारं कुणीतरी हवं होतं. एक दिवस करून दाखवायचं, आवडलं तर नोकरी. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, हे झालं नाही तर हॉटेलाचं खूळ सोडायचं आणि गावी परत यायचं.

"मावशी, तुमी चला की. एकटीनं माझ्याच्यानं नाय व्हायचं."

गेले. दाराशी उभी राहिले. तिनं येसराची आमटी केली, आमच्याकडं लग्नात करतात ती, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची. वास तर असा सुटला की भांडी घासणारेही वळून बघायला लागले.

तिथल्या स्वयंपाकघराचे प्रमुख, वयस्कर उस्ताद, जवळ आले. "बेटा, चखून पाहिलंस?"

"नाय. आमच्यात आधी घेत नाहीत."

"मग हे बाहेर जाणार नाही. माझ्या किचनचा उसूल आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझं डोकं तापलंच होतं. आमच्या हाताच्या अंदाजावर शंका घेतो म्हणजे काय! पण मी काही बोलायच्या आत तिनं वाटीत थोडी आमटी घेतली, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून हात जोडले आणि मग चमचा तोंडाला लावला.

तिचा चेहरा उतरला. आमटी खारट झाली होती. माझ्याकडं खडेमीठ, तिथं बारीक. मूठ तीच, मीठ जास्त. वासावरून हे कळणार कसं?

तिनं दुसऱ्यांदा माझ्याकडं पाहिलं नाही. उकळतं पाणी ओतलं, येसर कालवून लावला, तिखट वाढवलं, उकळी येऊ दिली. चव घेतली. पुन्हा थोडा येसर. पुन्हा चव. मग ताट पुढं केलं.

उस्तादांनी भाकरी कुस्करली आणि वाटी संपवली. "सोमवारपासून ये. कुणी शिकवलं?"

"मावशींनी."

"आणि बिघडलेलं सावरायला?"

"ते माझं मीच."

एरवी असं तोंडावर बोलली असती तर मी तिला उभ्या उभ्या झाडली असती. त्या दिवशी पदरानं डोळे पुसले. पोरगी खरं तेच बोलली होती, आणि मला इतका आनंद झाला होता की रागवायचं सुचलंच नाही.