एकाच चेहऱ्याची स्वारी

अमीनचाचा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत त्यांनीच रंगवलेल्या भिंतीसमोर मुलांची हजेरी घेत होते. त्याला आता महिना होईल... आमची शाळा म्हणजे परंड्याकडच्या आमच्या गावातली जहागीरदाराची जुनी कचेरी. निजामाच्या अमलात चाचांनी तिच्या भिंतीवर राजाची स्वारी रंगवली. हत्ती, नगारे, भालदार आणि मागंपुढं ही गर्दी! गर्दीला चेहरे मात्र गावकऱ्यांचे दिले. लोक हौसेनं येऊन स्वतःला शोधत. तीच हौस नडली.

निजामाविरुद्ध लढायला गावातले काही जण सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले होते, त्यात माझे वडीलही. त्यांच्या शोधात निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी आली. कुणा फितुरानं तिला भिंतीसमोर नेऊन सदा न्हाव्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. सदा आदल्याच दिवशी चोरून घरी आला होता. त्याला ओढत आणून कचेरीच्या भिंतीशीच गोळी घातली. रक्त चित्रातल्या हत्तीच्या पायांवर उडालं. उरलेल्यांसाठी टोळी परत येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चाचांनी दोन दिवसांत गर्दीतला एकूण एक चेहरा झाकून तिथं स्वतःचा काढला. तेच बाकदार नाक, तीच दाढी. टोळी परतली तेव्हा चाचा म्हणाले, "ह्यात दुसरं कुणी न्हाय. सगळीकडं मीच हाय." त्यांनी चाचांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि नावं विचारत बंदुकीच्या दस्त्यानं एकेक बोट ठेचलं. चाचांनी एकही नाव सांगितलं नाही. तो हात माझ्या आईनं बांधला. हे सारं तिच्याकडूनच ऐकलेलं, मी तेव्हा दोन वर्षांची होते.

वडील पुढं सरहद्दीवर मारले गेलेच, प्रेतही आलं नाही. आणि निजामाचं राज्य गेलं तेव्हा आमच्याच लोकांनी, मुसलमानाचं म्हणून, चाचांचं घर पेटवलं. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. कुणी पेटवलं असं विचारलं तर चाचा म्हणाले, "धूर लई व्हता. चेहरे दिसले न्हाईत."

वडिलांचा एकही फोटो नाही. शेवटच्या भेटीत मी चाचांवर चिडलेच. "आता कुणाची भीती? भिंतीवरच्या गर्दीत माझे वडील कुठले, तेवढं तरी सांगा!"

त्यांनी आपल्या वाकड्या बोटांवर मोजलं. "हत्तीच्या मागं तिसरा. ओल्या फडक्यानं पूस बेटी, वरचा रंग कच्चा हाय. मी जाईन पुसला, खाली ते निघतील."

परवा शाळा सुटल्यावर फडकं ओलं करून हत्तीमागं उभी राहिले. तिसऱ्या चेहऱ्याच्या कपाळावरून एकदाच फिरवलं. फडक्याला चाचांचा रंग लागला आणि माझा हात पुढं जाईना.

ते फडकं माझ्या पिशवीत आहे. अजून धुतलेलं नाही.