कामावरचं कुंकू

लढाईनं आमच्या सांगलीच्या दवाखान्यातल्या नर्सा ओढून नेल्या. उरल्या त्या उभ्याउभ्या जेवायच्या. मग मॅट्रनबाईंनी ठरवलं, नर्सा मिळत नाहीत तर इथंच घडवायच्या, आणि मागच्या कोठीच्या खोल्यांत नर्सांची शाळा सुरू झाली. पण परक्या माणसांची अंगं पुसायला चांगल्या घरची पोरगी कोण धाडणार? आल्या त्या बहुतेक माझ्यासारख्याच, कुणी टाकलेली, कुणी रंडकी. माझा नवरा पलटणीत होता, तो तिकडं आफ्रिकेतच पडला. कडेगावच्या घरात मला एक कोपरा आणि सासूची बोलणी उरली. दीर भला माणूस, त्यानंच मला शाळेत आणून सोडलं.

पहिली अडचण आली ती बाळंतिणींच्या खोलीत. भुंड्या कपाळाची बाई आत शिरली की बाळंतीण तोंड फिरवायची आणि तिची आई आमच्या अंगावर यायची. बाळंतपणात विधवेचा हात नको, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मॅट्रनबाई नगरकडच्या ख्रिस्ती, मोठ्या खमक्या. एका सकाळी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि स्वतःच्या बोटानं एकेकीला कुंकू लावत गेल्या. "कामावर येताना लावायचं, सुटल्यावर पुसायचं. टोपीसारखं समजा," म्हणाल्या.

तेव्हापासून बायका आमचे हात घट्ट धरून बाळंत व्हायला लागल्या. काम लय सुरळीत चाललं. मला मात्र ते कुंकू दिवसभर कपाळावर चुरचुरायचं. यातनं एक दिवस काहीतरी वंगाळ निघणार, असं सारखं वाटायचं. माझ्याबरोबर शिकणारी, रात्री शेजारच्या खाटेवर निजणारी म्हणायची, "मन चिंती ते वैरी न चिंती. झोप आता गुमान."

रजेवर घरी गेले तेव्हा धाकटी जाऊ भरल्या दिवसांची होती. त्या घरात माझ्या ताटाला ताट लावून जेवणारी ती एकटी. तिचे पाय सुजलेले. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. डोकं ठणकतंय म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणाली. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की झटके येतात, बाईला दवाखान्याबाहेर ठेवायचं नाही, हे मॅट्रनबाईंनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. मी दिराला परड्यात गाठलं नि सांगितलं, "हिला सांगलीला आणा. उशीर केलासा तर हाताला लागायची न्हाई."

"आणतो," म्हणाला. मी कामावर परतले, आणि त्यानं शब्द पाळला. चारच दिवसांत, भर दुपारी, बैलगाडी दवाखान्याच्या फाटकात उभी राहिली. मी वॉर्डातनं तशीच धावत सुटले. जावेला उतरवायला हात पुढं केला, तर तिच्या मागं सासू बसलेली.

सासूनं आधी माझं कपाळ बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "कुणाच्या नावाचं कुकू लावलंस गं?"

मी पदरानं कपाळ खसाखसा पुसलं. म्हटलं, "आत्याबाई, ह्ये कामाचं हाय. मी शिवत न्हाई तिला. दुसरी येईल, सवाष्ण येईल." तोवर दोघीतिघी जणी स्ट्रेचर घेऊन बाहेर आल्या होत्या. सगळ्यांची कपाळं लालभडक. सासू एकेकीकडं बघत राहिली.

"ह्यातली सवाष्ण कोण नि रंडकी कोण, मला कसं कळावं? माझी सून मी असल्या हातात द्यायची न्हाई. गाडी फिरव रं."

मॅट्रनबाई आल्या, समजावलं, धमकावलंसुद्धा. मी त्या धुळीत सासूचे पाय धरले. जाऊ माझं मनगट धरून होती. "आक्का, मी हितंच ऱ्हाते वं," म्हणत होती. सासूनं तिची बोटं सोडवली. दीर आईच्या तोंडाकडं बघत उभा राहिला आणि मग त्यानं बैल वळवले. भला माणूस. त्या दिवशी त्याचा भलेपणा कुणाच्या कामाला आला? लोक म्हणतात म्हातारपणी राग निवतो. माझा नाही निवला.

माधवनगर ओलांडलं नाही तोच गाडीत झटके सुरू झाले. पहिल्या झटक्याला सासूनं अंगारा लावला. दुसऱ्याला दिरानं आईला न विचारता गाडी फिरवली आणि बैल पळवत आणले.

दिवस मावळायच्या आत गाडी पुन्हा फाटकात आली. बैलांच्या तोंडाला फेस होता. दीर खाली उतरला आणि चाकाला धरून बसला. आत जाऊ आडवी होती, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. जीभ दाताखाली चावलेली, डोळे उघडे, श्वास थांबलेला. माझं कपाळ मोकळं होतं. मी गाडीपाशी गेले, पण हात मागंच ठेवले.

सासूनं माझ्याकडं बघितलं आणि अंग चोरून जागा केली.

"ये," म्हणाली. "आता लाव हात."

बाळाचे ठोके लागतात का बघायला मी जावेच्या पोटाला कान लावला. पोट अजून कोमट होतं. बराच वेळ मी ऐकत राहिले आणि सासू माझ्या तोंडाकडं बघत राहिली.